मावशींचा कप खिडकीतच का?

पत्र

"शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होऊन दीड वर्षापूर्वी मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षणसेविका म्हणून रुजू झाले. तालुक्याचं गाव आहे, माझ्या घरापासून बरंच लांब. शाळा चांगली आहे, निकाल चांगला लागतो, सहकारीही वाईट नाहीत. पण एक गोष्ट रोज खुपते.

शाळेत एक जुने शिपाई आहेत, पन्नाशी ओलांडलेले. पंचविशीतले शिक्षकसुद्धा त्यांना नुसत्या नावाने हाक मारतात, 'ए, झेरॉक्स आण रे.' मुख्याध्यापकांच्या घरचा सिलिंडर, कुणाचं पार्सल, कुणाचं लाइट बिल, सगळं त्यांच्याकडे. झाडलोट आणि स्वच्छतागृहं एक मावशी बघतात. त्या कायम नाहीत, शिपाई भत्त्यावर आहेत. दुपारचा चहा त्याच करतात, कपही त्याच विसळतात. आमचे आणि शिपाईमामांचे कप स्टाफरूमच्या कपाटात असतात, मावशींचा मात्र बाहेर खिडकीच्या कठड्यावर. विचारलं तर उत्तर मिळालं, 'त्या संडास धुतात ना, स्वच्छतेचा प्रश्न आहे.'

गेल्या आठवड्यात माझ्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलाने चुटकी वाजवून मावशींना बोलावलं, 'ए, इकडे सांडलंय.' मी रागावले तर म्हणाला, 'सर पण असंच बोलावतात.' मी स्टाफरूममध्ये विषय काढला. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, 'अहो, आमच्या मावशी घरच्यासारख्या आहेत, दर दिवाळीला साडी देतो आम्ही.' एक सर म्हणाले, 'बदलापूरनंतर या लोकांना फार जवळ करू नये.' बाकीचे हसले. दुसऱ्या दिवशी मावशींनीच मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, 'मॅडम, राहू द्या. तुम्ही बोलाल आणि माझं काम जाईल.'

माझी कसोटीची तीन वर्षं अजून पूर्ण व्हायची आहेत. बोलू की गप्प बसू?"

— एक शिक्षणसेविका

उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या पत्रात पुष्कळ गोष्टी आहेत, पण मी थांबले ती मावशींच्या बोलण्यापाशी. तुम्हाला कदाचित वाटलं असेल, बिचाऱ्या घाबरतात. मला तसं वाटत नाही. त्यांनी हिशेब केलाय आणि तो बरोबर आहे.

शिपाई भत्ता म्हणजे काय, हे नव्या शिक्षकाला सहसा कुणी समजावून सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांमधली चतुर्थश्रेणीची, म्हणजे शिपाई वगैरे, पदं हळूहळू संपवायचं ठरलं. जे कायम आहेत ते निवृत्त होईपर्यंत राहतात. ते गेले की पद जातं आणि पदाच्या जागी शाळेला ठोक रक्कम मिळते: मुंबई-पुणे महापालिकांत महिना 10,000, इतर महापालिकांत 7,500 आणि उरलेल्या भागात 5,000 रुपये. तुमचं गाव तालुक्याचं, म्हणजे 5,000. महिन्याचे कामाचे 26 दिवस धरा, दिवसाला 192 रुपये पडतात. 2024-25 साली रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात दिवसाला 297 रुपये मजुरी होती. मावशी बांधबंदिस्तीला गेल्या असत्या तर दिवसाला शंभर रुपये जास्त घेऊन घरी आल्या असत्या. संस्थेने पदरचे काही घातले असतील तर आनंद आहे. घातलेत का, ते एकदा माहीत करून घ्या.

शिवाय मान्य पद नाही, बहुधा नियुक्तीचा कागदही नाही. मुख्याध्यापक एका शनिवारी 'सोमवारपासून येऊ नका' म्हणाले तर मावशींनी जायचं कुठे? मामांचं तसं नाही. ते मान्य पदावर आहेत. 1977 चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आणि त्याखालची 1981 ची नियमावली त्यांनाही तितकीच लागू आहे जितकी तुमच्या ज्येष्ठ बाईंना. त्यांना काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणाचं दार ठोठावता येतं. तुम्ही स्वतः 18,000 मानधनावर, तीन वर्षांच्या कसोटीवर. म्हणजे ज्यांना 'ए, झेरॉक्स आण' म्हटलं जातं त्या मामांची नोकरी आज तुमच्या नोकरीपेक्षा घट्ट आहे. गंमत म्हणून सांगत नाही, याचा पुढे उपयोग आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: बोला, पण मावशींचं नाव घेऊन बोलू नका. आणि त्यांना न विचारता त्यांच्यासाठी काही मागू नका.

विचारायचं शाळेत नाही. स्टाफरूमच्या दारात उभं करून 'मावशी, तुम्हाला काय त्रास आहे?' विचारलं तर त्या 'काही नाही' म्हणणार, दुसरं काय म्हणतील? बाजाराच्या दिवशी भेटतील, एसटी स्टँडवर भेटतील. त्यांच्या घरी सहज जाण्याइतकी ओळख झाली असेल तर उत्तमच. पहिल्या भेटीत ऐकून घ्या आणि परत या. एक सांगून ठेवते, त्यांच्या तोंडून येणारी यादी तुमच्या यादीपेक्षा वेगळी असेल. शाळांमधल्या मावशी-मामांशी मी या विषयावर जेव्हा जेव्हा बोलले, तेव्हा 'आम्हाला अहो म्हणत नाहीत' हे गाऱ्हाणं पहिलं कधीच आलं नाही. पहिलं येतं ते पैशांचं. भत्ता शासनाकडून थकत थकत येतो आणि तोवर 'आला की देऊ' ऐकावं लागतं. मग रविवारी परीक्षा केंद्र असलं की यावं लागतं, त्याचं वेगळं काही मिळत नाही. मग हातमोजे. मग भाकरी खायला जागा नाही, जिन्याखाली बसावं लागतं. एका बाईंनी सांगितलं होतं, शाळेतली सगळी स्वच्छतागृहं त्या धुतात, पण शिक्षिकांचं वापरायची त्यांना मुभा नाही. मधल्या सुट्टीत मुलींच्या रांगेत उभं राहायला लाज वाटते म्हणून दिवसभर पाणीच कमी पितात. असलं काही तुम्हाला बाहेरून दिसणार नाही.

आता कपाकडे येते.

तुम्ही ओघात लिहून गेलात की मामांचा कप कपाटात असतो. पत्रातली मला सगळ्यात जास्त बोलकी वाटलेली ओळ हीच. काम दोघांचंही चतुर्थश्रेणीचंच. मग एकाचा कप आत आणि एकीचा बाहेर, याचा पदाशी संबंध उरत नाही. राहिला 'स्वच्छतेचा प्रश्न'. तर ज्या हातांनी मावशी संडास धुतात त्याच हातांनी त्या तुम्हा सगळ्यांचा चहा करतात आणि सगळ्यांचे कप विसळतात. त्या हातांचा चहा चालतो, त्या हातांनी धुतलेला कप चालतो, मात्र त्या ओठांना लागलेला कप आपल्या कपाशेजारी चालत नाही. याला स्वच्छता म्हणत नाहीत. मावशींची जात तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, मीही विचारत नाही. तुमच्या स्टाफरूममध्ये ती सगळ्यांना ठाऊक असणार, आणि कप कुठे ठेवायचा हे कुणी कधी बैठकीत ठरवलं नसणार. असल्या गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत.

भेद जातीवरून असेल तर तो संविधानाच्या कलम 17 च्या, 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या आणि 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत जाऊ शकतो. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं. तक्रार करायची की नाही हे मावशी ठरवतील. गुन्हा दाखल झाल्यावर त्या गावात त्यांना राहायचंय. तुमची उद्या बदली होईल, लग्न होईल, तुम्ही जाल.

पण कप हलवायला कायदा लागत नाही. स्टाफरूमच्या चहाची वर्गणी कुणाकडे असते? बहुतेक शाळांत ती कुणालाच नको असते, कारण दर महिन्याला चारजण बुडवतात. ते काम मागून घ्या, आनंदाने देतील. मग एक दिवस सारखे दिसणारे स्टीलचे किंवा काचेचे ग्लास घेऊन या, डझन-दीड डझन, कुणाचा कुठला हे ओळखूच येणार नाही असे. जुने कप 'टवके उडालेत' म्हणून एकगठ्ठा काढून टाका, खिडकीतला धरून. भाषण नको, नजर रोखून पाहणं नको. आणि स्वतःचा ग्लास प्यायल्यावर स्वतः विसळून ठेवा, रोज. तुमचं बघून एक-दोघं विसळू लागतील, बाकीचे नाही लागणार, चालेल. कुणी स्वतःचा वेगळा कप घरून आणला तर आणू द्या. मग वेगळेपणा त्यांच्या कपाला आला, मावशींच्या नाही.

7 नोव्हेंबरला तुमच्या शाळेत विद्यार्थी दिवस होत असेल. 1900 साली त्या तारखेला साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दाखल झालं आणि 2017 पासून राज्यात तो दिवस साजरा होतो. भाषणं होतात, फोटोला हार घालतात. त्या दिवशी तुमच्या वर्गात एवढंच सांगा की लहानपणी शाळेत या मुलाला तहान लागली तरी नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायाने येऊन नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. पुढे काही जोडू नका. आठवीतली मुलं शहाणी असतात, कोणाचं काय कुठे ठेवलेलं असतं हे त्यांनी तुमच्याआधी पाहिलेलं आहे.

ज्येष्ठ बाईंच्या साडीबद्दल. त्या खोटं बोलत नाहीत, त्यांची माया खरी असेल. पण मायेची परीक्षा सोपी आहे. घरच्या माणसाचा पगार तीन महिने थकला तर आपण मुख्याध्यापकांकडे जातो. घरच्या माणसाला ताप आला तर सुट्टी कापत नाही. मावशींना हे मिळतं का? मिळत असेल तर साडी खुशाल द्या. मिळत नसेल तर साडीमुळे एक वाईट गोष्ट होते. पुढच्या वेळी रविवारी बोलावलं की मावशींना नाही म्हणता येत नाही, 'एवढी साडी घेतली आणि एक दिवस येत नाही' असं होतं. मी पाहिलंय, ज्या शाळेत सगळे एकमेकांशी फार गोड बोलतात तिथेच मावशींच्या कामाला वेळेची हद्द नसते. उलट एखादा तिरसट हेडमास्तर असतो, कधी हसून बोलत नाही, पण पाच वाजले की 'मावशी, निघा' म्हणतो आणि भत्ता आल्याच्या दिवशी वाटतो. मला विचाराल तर त्याच्या हाताखाली काम करणं बरं. दिवाळीत वर्गणी निघेल तेव्हा तुम्ही एवढंच सुचवा की या वेळी साडीऐवजी पाकीट देऊया, त्यांना लागेल ते त्या घेतील. यात कुणाचाच अपमान नाही.

बदलापूरचा मुद्दा काढणाऱ्या सरांना झिडकारून टाकू नका. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले, त्यात आरोपी शाळेत सफाईचं काम करणारा होता आणि पालकांच्या मनात भीती बसली ती उगीच नाही. त्यानंतर शासनाने सीसीटीव्ही आणि कंत्राटी, बाहेरून घेतलेल्या कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी याबद्दल आदेश काढले. ते पाळलेच पाहिजेत. मग सरांना विचारा, आपल्या शाळेने पडताळणी केली का? मावशींचा नियुक्तीचा कागद कुठे आहे, आधार आणि पत्त्याची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये आहे, भत्ता खात्यात जातो की हातात? मुलांच्या सुरक्षिततेला धोका असतो तो कुठल्याही नोंदीशिवाय, कुणाच्या तरी ओळखीने, तोंडी कामावर घेतलेल्या माणसापासून. कप बाहेर ठेवल्याने एकाही मुलाचं रक्षण होत नाही. नियुक्तीपत्र आणि पडताळणीने होतं, आणि तोच कागद उद्या मावशींच्याही उपयोगी पडतो. सरांच्या भीतीतून मावशींचं नियुक्तीपत्र निघत असेल तर काढून घ्या की! हा विषय बैठकीत त्यांनाच मांडू द्या. ते कायम आहेत, पुरुष आहेत, ज्येष्ठ आहेत. त्यांचं ऐकलं जाईल. पडताळणी व्हायची तर शिक्षक, लिपिक, व्हॅनचा ड्रायव्हर, सगळ्यांची व्हावी, एवढी पुस्ती तुम्ही जोडा.

आता तो चुटकी वाजवणारा मुलगा. तो खरं बोलला, त्याबद्दल त्याला शिक्षा करू नका. 'सर करतात ते सर बघतील, माझ्या वर्गात मावशींना अहो मावशी म्हणायचं आणि जागेवरून उठून त्यांच्यापर्यंत जायचं,' एवढं एकदाच, शांतपणे सांगा. स्टाफरूमवर तुमची सत्ता नाही, पण आठवीच्या वर्गावर आहे. ती वापरा. सांडलं तर ज्याने सांडलं तो पुसेल. पेन्सिलीचा भुगा, वेफर्सची पाकिटं, फळ्याखालचा खडूचा चुरा शेवटच्या तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत बाकाबाकाने उचलला जाईल. पाळ्या लावा आणि पाळीत मुलगे आहेत ना, हे बघा. आपल्याकडे 'पाळी' म्हटलं की मुलींच्याच हातात केरसुणी येते. स्वच्छतागृहात पाणी टाकूनच बाहेर यायचं, हे मुलांना बाईंनी सांगायला लाज वाटत असेल तर पीटीच्या सरांना सांगायला लावा. मावशींच्या दिवसातला सर्वात किळसवाणा भाग एका बादली पाण्याने कमी होतो.

मात्र एक करू नका. शिक्षा म्हणून कुणाला झाडायला लावू नका. 'गृहपाठ नाही? जा, मावशींबरोबर व्हरांडा झाड.' हे सर्रास चालतं, चांगले शिक्षकही करतात. त्यातून पोरांना काय कळतं? मावशी रोज जे करतात ती एक शिक्षा आहे, आणि मावशी म्हणजे जन्मभर शिक्षा भोगणारी बाई. रयतच्या वसतिगृहांत कर्मवीरांनी मुलांना राबायला लावलं, पण ते स्वतःच्या शिक्षणाचा खर्च स्वतः उचलण्यासाठी, आणि सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र. साने गुरुजी अमळनेरला छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः आवरायचे. आपण या दोघांच्या जयंत्या करतो आणि केरसुणी दंड म्हणून वापरतो.

जयंत्या निघाल्याच आहेत तर, 20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. नवे कोरे खराटे आणायचे, सगळ्यांनी ओळीने उभं राहायचं, फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकायचा, आणि मग मैदानात पडलेला पालापाचोळा, चहाचे कागदी कप, हार-फुलं मावशींनी उचलायची. 2 ऑक्टोबरला तेच. यंदा फोटोच्या वेळी तुम्ही नसलात तरी चालेल, फोटोनंतरच्या अर्ध्या तासाला असा. आणि 1 मे च्या सुमाराला कुणी मावशींना शाल-श्रीफळ द्यायची टूम काढली तर आधी त्यांना विचारून या. काहींना आवडतं, घरी फोटो लावतात. काहींना व्यासपीठावर उभं राहणं म्हणजे जीव नकोसा होतो. मावशींचा फोटो स्वतःच्या स्टेटसवर टाकू नका, कितीही चांगल्या भावनेने असला तरी.

मामांच्या सिलिंडरबद्दल थोडक्यात. शाळेची कामं मामांची, मुख्याध्यापकांच्या घरची नाहीत. यात दुमत नाही, मुख्याध्यापकांनाही ठाऊक आहे. पण त्यांना अडवायला जाऊ नका. तुमच्या गोपनीय अहवालावर सही त्यांची आहे आणि मामांनी तुम्हाला वकीलपत्र दिलेलं नाही. कदाचित मामांचीही काही देवाणघेवाण असेल. सिलिंडर पोचवायला गेलं की अर्धा तास बाहेर मिळतो, मुलीच्या फीला उचल मिळते. जुना शिपाई हा शाळेतला सगळ्यात माहीतगार माणूस असतो. किल्ल्या त्याच्याकडे, संस्थाचालकांच्या घरी उठबस त्याची. काही शाळांत शिक्षकच शिपायाला वचकून असतात! तेव्हा मामांना गरीब बिचारे समजण्याआधी नीट पाहा. तुम्ही स्वतःपुरतं करा. झेरॉक्स लागली तर स्वतः जा, पार्सल स्वतः आणा. मामांकडे काम असेल तर 'मामा, वेळ आहे का' असं विचारा. नुसतं नाव घेऊन हाक मारणारा शिक्षक तुमच्या वयाचा असेल, तर चहाच्या टपरीवर एकट्याला गाठून म्हणा, 'अरे, ते तुझ्या वडिलांच्या वयाचे आहेत.' चारचौघांत म्हणालात तर तो दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम मोठ्याने हाक मारेल.

एका बाबतीत मात्र कुणाच्याही होकाराची वाट पाहू नका. शौचालयाची टाकी तुंबली आणि 'मावशी किंवा मामा उतरून बघतील' असं कुणी म्हणालं, तर तिथेच, त्याच क्षणी नाही म्हणा. माणसाला संरक्षक साधनांशिवाय सेप्टिक टँकच्या सफाईला लावणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. टाकीत साचलेल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध होतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. नगरपरिषदेची उपसा गाडी मागवायची, तेवढे पैसे वेतनेतर अनुदानातून (पगाराखेरीजच्या खर्चासाठी मिळणाऱ्या) किंवा संस्थेकडून काढायचे. तसंच दुसरं: स्वच्छतागृहात ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतायची सवय बऱ्याच ठिकाणी असते, 'दुप्पट स्वच्छ होतं' म्हणून. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, डोळे चुरचुरतात, छाती भरून येते. मावशी मधूनमधून खोकतात का, हे विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना बघायला सांगा. हातमोजे, गमबूट, लांब दांड्याचा ब्रश या वस्तूंची मागणी तुम्ही 'शाळा तपासणीला येतील तेव्हा दिसायला हवं' या भाषेत मांडली तर पटकन मंजूर होते. भाषा कुठलीही चालेल, मोजे आले पाहिजेत.

शाळेत पाचवी ते आठवीला खिचडी शिजत असेल तर तिथल्या दोघी-तिघींकडेही एकदा बघून या. त्यांचं मानधन तर आणखी कमी. पण त्यांचा विषय वेगळा आहे, तो पुन्हा कधी.

तुमच्या सहकाऱ्यांबद्दलही एक शब्द बोलायला हवा. ते हसले म्हणून ते दुष्ट नाहीत. बीएलओची (मतदार याद्यांची) ड्यूटी, ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं, वरून येणारे फोन यांत शिक्षकही दिवसभर कुणाचं तरी 'ए, इकडे ये' ऐकत असतो. वर बोलता येत नाही ते खाली निघतं. हे मी त्यांना माफी म्हणून सांगत नाही. तुम्हाला स्टाफरूममध्ये शत्रू शोधायचे नाहीत, एक-दोन माणसं शोधायची आहेत, म्हणून सांगते. अशी माणसं असतातच. बहुधा ती फार बोलत नाहीत. ग्लास स्वतः कोण विसळतं ते महिनाभर बघा, सापडतील.

आता मामांच्या घट्ट नोकरीचा उपयोग. मावशी जे बोलू शकत नाहीत ते मामा बोलू शकतात. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची संघटना जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहे आणि मामांच्या ओळखीचा कुणीतरी तिच्यात असणारच. भत्ता वेळेवर मिळणं, तो खात्यात जमा होणं, कामाचे तास कागदावर येणं, या मागण्या संघटनेकडून आल्या तर त्यांना मावशींचं नाव चिकटत नाही आणि तुमचंही नाही. मामांना मावशींबद्दल आत्मीयता आहे का, हे मात्र आधी चाचपा. कप कपाटात असलेल्या माणसाला खिडकीतला कप दिसतोच असं नाही.

आणि मामा काही वर्षांत निवृत्त होतील. त्यांच्यामागे पद भरलं जाणार नाही, आणखी एक 5,000 चा भत्ता येईल एवढंच. शाळा उघडणं, घंटा, टाकीत पाणी चढवणं, हजेरी फिरवणं, पोस्ट, बँक, प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, संध्याकाळी एकेक खोली बघून कुलूप लावणं, एवढं सगळं तेव्हा कोण करणार? पुढच्या स्टाफ मीटिंगमध्ये हा प्रश्न तुम्ही विचारा. यात कुणावर आरोप नाही, प्रत्येकाचा स्वार्थ आहे, आणि शिक्षणसेविकेने विचारण्यासारखा आहे. मग कामांची यादी करायची वेळ येईल. यादी मामांनी आणि मावशींनी सांगायची, तुम्ही लिहून घ्यायची. कोणतं काम किती वेळाचं, कोणतं शाळेचं आणि कोणतं नाही, हे त्यात आपोआप वेगळं पडेल. सिलिंडर त्या यादीत कुणी लिहिणार नाही. एकदा यादी झाली की मावशींचे तास त्यावरून मोजता येतात आणि भत्त्याशी ताडून बघता येतात.

पहिल्या मीटिंगमध्ये 'बघू पुढे' म्हणून विषय संपेल. जूनच्या मीटिंगला पुन्हा काढा.